अंगणातले झाडाचे बुंधे: कुठला काढायचा आणि कुठला राहू द्यायचा

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत परत मांडतो, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुम्हालाही दिसेल. कोथरूडला जुना बंगला आहे, मागच्या वर्षी महापालिकेची परवानगी काढून दोन झाडं पाडलीत. सुबाभळीचा बुंधा पुढच्या अंगणात साधारण मधोमध, दोनेक फूट जाड, तीन फूट उंच ठेवलेला, आणि त्याला आता चारी बाजूंनी फुटवे आलेत. गुलमोहराचा बुंधा मागच्या कोपऱ्यात, जमिनीच्या वर जेमतेम फूटभर, आणि कंपाउंडच्या दगडी भिंतीपासून अडीच फुटांवर. पुढे तुम्हाला पेव्हर ब्लॉक टाकून दोन गाड्यांची सोय करायची आहे, गेट सात फुटी आहे. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो जेसीबी आणू, दुसरा म्हणतो कशाला उगाच खर्च, कापून वरून ब्लॉक टाकून देऊ, शेजारचे काका म्हणतात अॅसिड ओता आणि तुमचे बाबा म्हणतात जाळून टाक. आणि तुम्ही विचारताय की यातला स्वस्तातला आणि कायमचा उपाय कुठला.

मी पुण्यात बंगल्यांच्या, सोसायट्यांच्या बागांची कामं करतो, त्यामुळे असले बुंधे सारखेच समोर येतात. माझं सरळ म्हणणं असं की दोन्हीला एकच उपाय शोधू नका. सुबाभळीचा बुंधा मुळासकट काढायचा आणि गुलमोहराचा जागेवरच कुजू द्यायचा. त्यातच पैसेही वाचतील आणि भिंतही वाचेल.

कुठलाही बुंधा बघितला की मला आधी हे कळायला हवं असतं की तो जिवंत आहे का, उद्या त्याच्या डोक्यावर काय येणार आहे, आणि त्याच्या आसपास जमिनीखाली काय काय गेलंय. बाकी कुऱ्हाड का मशीन, किती माणसं लागतील, हे सगळं त्यानंतर ठरतं.

जिवंत आहे का ते झाडावर फार अवलंबून असतं. सुबाभूळ, निलगिरी, ग्लिरिसिडिया ही कापली की जास्तच जोमाने फुटतात, सरपण आणि चाऱ्यासाठी लोक ती मुद्दाम कापून कापूनच वाढवतात, त्यामुळे तुमची सुबाभूळ फुटली यात नवल काहीच नाही. कडुलिंबही बुंध्यातून फुटतो आणि कधीकधी मुळातून लांबवरही डोकं काढतो. वड, पिंपळ, उंबर यांच्याबद्दल तर बोलायलाच नको, मुळाचा तुकडा भिंतीच्या फटीत राहिला तरी पुढच्या पावसाळ्यात पानं दिसतात. याच्या उलट नारळ. शेंडा गेला की तो संपला, बुडातून परत फुटत नाही, सोटमूळ नसतं, नुसती दोरीसारखी मुळं असतात, म्हणून तो खणायलाही सोपा. फक्त नारळाचं खोड अंगणात कुजत ठेवू नये कारण गेंड्या भुंगा त्यातच अंडी घालतो आणि मग तुमच्याच नाही, शेजाऱ्यांच्याही नारळांचे शेंडे खातो. तुमच्याकडे नारळ नाहीये पण हे वाचणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांकडे असेल म्हणून सांगितलं.

गुलमोहर म्हातारा होऊन पाडला असेल तर बहुतेक वेळा तो फारसा फुटत नाही, आणि त्याचं लाकूड हलकं असतं, पटकन कुजतं. तुम्ही फुटव्यांचा उल्लेख फक्त सुबाभळीच्या बाबतीत केलाय, त्यामुळे गुलमोहर मेलाय असं धरून चालतो. खात्री करायची असेल तर कडेची साल नखाने किंवा चाकूने खरवडून बघा, खाली हिरवट ओलसर थर दिसला तर जीव आहे, तपकिरी भुसभुशीत दिसलं तर गेला.

आता वरून ब्लॉक टाकू म्हणणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरबद्दल. तो तुमचे पैसे आज वाचवेल, पण लाकूड कुजलं की त्याची जागा रिकामी होते आणि वरचं सगळं खाली बसतं. फुलझाडांच्या वाफ्याखाली असं झालं तर दोन घमेली माती टाकून विषय संपतो, पण इथे वर गाडी उभी राहणार आहे. सुबाभळीचं लाकूड घट्ट, ते एका वर्षात कुजणार नाही, पहिली दोन-तीन वर्षं सगळं झकास दिसेल आणि मग बरोबर चाकाच्या जागी खोलगट बशी तयार होईल, तोवर कॉन्ट्रॅक्टरचा फोन लागणार नाही. शिवाय ही सुबाभूळ जिवंत आहे, म्हणजे ती त्याआधीच ब्लॉकच्या फटीतून वर येईल. पार्किंग, ओटा, पायऱ्या, टाकी, असं काहीही पक्कं बांधकाम जिथे येणार तिथला बुंधा काढायचाच, यात मी कधी तडजोड करत नाही. जिथे नुसती माती, लॉन किंवा कुंड्या येणार तिथे मात्र नव्वद टक्के वेळा काढायची गरज नसते आणि लोक उगाच खणत बसतात.

जेसीबीचं म्हणाल तर तुमच्या कॉन्ट्रॅक्टरने गेट मोजलेलं दिसत नाही. नेहमीचा जेसीबी साधारण साडेसात फूट रुंद असतो, सात फुटी गेटमधून तो जाणार कसा? मग ऐनवेळी गेट उतरवा, खांब फोडा, आणि ते परत बांधायचा खर्च तुमच्याच माथी. पाच फुटांच्या आसपास रुंदीचे मिनी एक्स्कॅव्हेटर मिळतात, ते आत जातील, पण एका बुंध्यासाठी ते आणायचं म्हणजे मशीन ज्या ट्रकवर चढून येतं त्याचं भाडं, कमीत कमी इतके तास भरावेच लागतील ही अट, असं धरून हिशोब करा. अंगणात अजून खोदकाम असेल, म्हणजे ड्रेनेजची लाईन बदलायची आहे किंवा पार्किंगसाठी माती उकरायचीच आहे, तर एकाच दिवशी सगळं काढून घ्या, मग परवडतं. नुसत्या बुंध्यासाठी मी दोन-तीन चांगले गडी लावून हाताने काढला असता. स्टंप ग्राइंडरबद्दलही लोक विचारतात, यूट्यूबवर ते भारी दिसतं, पण तो वरचं आठ-दहा इंच लाकूड भुगा करतो आणि खालचा गड्डा तसाच राहतो, लॉनसाठी छान, गाडीखाली नाही. त्यात आपल्याकडे जुन्या बुंध्याच्या बेचक्यात दगड, खिळे, कपडे वाळत घालायच्या तारा काय काय रुतलेलं असतं.

खणायच्या आधी जमिनीखालचं बघा. जुन्या बंगल्यांचे नकाशे क्वचितच जागेवर असतात, त्यामुळे मी चेंबरची झाकणं उघडून लाईन कुठून कुठे जाते ते बघतो आणि चुन्याने जमिनीवर आखून घेतो. जुनी ड्रेनेज लाईन चिनीमातीच्या पाइपांची असेल तर त्याच्या सांध्यांत मुळं शिरलेली असण्याची शक्यता बरीच, आणि मग बुंधा ओढला की पाइपही त्याच्याबरोबर वर येतो. महावितरणची केबल मीटरपर्यंत जमिनीखालून आलीय का, एमएनजीएलची गॅस लाईन आहे का, पाण्याची टाकी जमिनीखाली कुठे आहे, सेप्टिक टँक पूर्वी होता का, एवढं घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. तुमच्या बाबांना बुंधा जाळू देण्यापेक्षा या कामाला लावा, त्यांना हे नक्की माहीत असेल. केबल किंवा गॅस जवळून जात असेल तर त्या बाजूला पहार मारायची नाही, खुरप्याने माती काढायची, आणि काहीच अंदाज लागत नसेल तर महावितरणच्या किंवा गॅस कंपनीच्या माणसाला बोलावून लाईन दाखवून घ्यायची.

कधी खणायचं हे पण महत्त्वाचं. आपली काळी माती मे महिन्यात इतकी कडक होते की पहार टणकन उडते, आणि भर पावसात तीच माती फावड्याला चिकटून बसते, गडी वैतागतात आणि खड्डा पाण्याने भरतो. पाऊस संपल्यावर जमिनीला वाफसा आला, म्हणजे चिखल सुकून माती नुसती ओलसर राहिली, की काम करा, म्हणजे ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर. तोपर्यंत थांबायला हरकत नाही, नुसते फुटवे मोडत राहा. उन्हाळ्यातच करायचं असेल तर आदल्या संध्याकाळी बुंध्याभोवती आळं करून पाणी मुरवा.

तुम्ही सुबाभळीचा बुंधा तीन फूट उंच ठेवलाय ते फार बरं झालं, तो आता सपाट कापू नका. बहुतेक लोक आधी तो जमिनीबरोबर कापतात आणि मग खणायला बसतात आणि मग हलवायला हातात काहीच राहत नाही. तो तीन फूट दांडा म्हणजे तुमची तरफ आहे. बुंध्यापासून दीड-दोन फूट लांब गोल चर घ्यायचा, दोन फूट खोल, आणि जसजशी आडवी मुळं लागतील तसतशी ती दोन ठिकाणी तोडायची, एकदा बुंध्याजवळ आणि एकदा चराच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे मधला तुकडा उचलला जातो आणि कुऱ्हाड फिरवायला जागा होते. मुळांवरची माती आधी पाण्याच्या पाइपने धुऊन काढा. मातीत चेन सॉ घातला की साखळी मिनिटांत बोथट होते आणि दगडाला लागली तर मशीन उलटं अंगावर येतं, म्हणून जमिनीखाली मी चेन सॉ वापरूच देत नाही, कुऱ्हाड आणि करवतच.

सोटमुळाची लोकांना फार धास्ती असते, की ते पाताळात गेलं असेल. पुण्यात बऱ्याच भागात, कोथरूडच्या टेकडीकडच्या बाजूला तर नक्कीच, दोन-चार फुटांवर मुरूम आणि त्याखाली कच्चा काळा दगड लागतो, मूळ तिथे जाऊन आडवं वळतं. त्यामुळे सगळी आडवी मुळं तुटली आणि तीन फूट दांडा दोघांनी हलवायला घेतला की तो डुलायला लागतो, कुठल्या बाजूला अडकतोय ते कळतं, तिथेच खणायचं. तुमच्याकडे जर भराव टाकलेली खोल माती असेल तर मात्र हे गणित बदलेल, मग सोटमूळ तीन फुटांवर तोडून खालचं राहू द्या, एवढ्या खोलातलं मूळ परत फुटून वर येत नाही आणि ते कुजलं तरी वर फारसं जाणवत नाही.

बाहेर काढायला बोअरची मोटर ओढतात तो तीन पायांचा घोडा आणि दोन टनी चेन पुली भाड्याने मिळते, ती खड्ड्यावर उभी करून सरळ वर उचलायचं. चेन कंपाउंडच्या भिंतीला किंवा गेटच्या खांबाला बांधून ओढायची नाही, बुंधा जागचा हलणार नाही आणि भिंत येईल. आणि गाडीला दोर बांधून ओढायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका, दोर तुटला तर तो चाबकासारखा फिरतो, काच फुटली तर नशीब समजायचं. ओढताना ताणलेल्या साखळीच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, मुलांना घरात ठेवा.

गड्यांशी बोलताना उक्तं ठरवा, म्हणजे पूर्ण कामाचे एकरकमी पैसे, रोजाने नको. रोजाने दिलं की मुरूम लागला, चहा झाला, उद्या येतो. पण उक्तं ठरवताना सगळं आधी स्पष्ट बोला: किती खोल खणायचं, आडवी मुळं कुठपर्यंत काढायची, खड्डा कोण भरणार आणि निघालेलं लाकूड, राडारोडा कोण उचलणार. भांडणं नेहमी या शेवटच्या गोष्टीवरून होतात, कारण ओला बुंधा मुळासकट शंभर-दोनशे किलोच्या पुढे सहज जातो आणि घंटागाडीवाला तो घेत नाही.

खड्डा भरणं हे काम लोक फार हलक्यात घेतात आणि माझ्या मते पार्किंगच्या बाबतीत बुंधा काढण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. निघालेली काळी माती परत त्यात ढकलायची नाही, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वरचे ब्लॉक नाचत राहतात. ती माती मागच्या बागेत वापरा. खड्ड्यातून मुळांचे तुकडे वेचून काढा आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाका, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करा, म्हणजे ठोकून दाबा, मग पुढचा थर. एकदम तीन फूट मुरूम ओतून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचा थर दबतो. त्यावर सोलिंग (मोठ्या दगडांचा थर), खडी, क्रश सँड आणि मग ब्लॉक. गाडीसाठी ८० मिमीचे ब्लॉक घ्या, ६० चे चालतात म्हणतात पण एसयूव्ही असेल तर नकोच. घाई नसेल तर भरलेला खड्डा एक पावसाळा तसाच उघडा ठेवा आणि मग ब्लॉक टाका. मोठं झाड गेल्यावर काळ्या मातीत एक वेगळाच प्रकार होतो, झाड जे पाणी शोषून घ्यायचं ते आता मातीतच राहतं, त्यामुळे आसपासची जमीन पहिल्या पावसाळ्यात थोडी फुगून वर येते. ते होऊन गेल्यावर लेव्हल घेतलेली केव्हाही चांगली.

आणि हो, सुबाभळीचं बी. बुंधा गेला तरी शेंगांतून पडलेलं बी जमिनीत बरीच वर्षं जिवंत राहतं, टणक कवचामुळे. दर पावसाळ्यात लाजाळूच्या पानांसारखी रोपं उगवतील, वीतभर असताना उपटा, ओल्या जमिनीत सहज येतात.

आता गुलमोहर. त्याची मुळं वरवर आणि लांब पसरतात, म्हणजे अडीच फुटांवरच्या तुमच्या भिंतीखालून ती नक्की गेलेली आहेत, बहुतेक शेजाऱ्यांकडेही. जुन्या दगडी कंपाउंडचा पाया काही फार खोल नसतो, आणि इतकी वर्षं ती भिंत थोडीफार त्या मुळांवरच टेकलेली आहे. तिथे चर खणला किंवा बुंधा ओढला तर भिंतीखालची माती मोकळी होणार. कोपऱ्यात गाडी येणार नाही, बांधकाम येणार नाही, मग कशाला छेडायचं? जमिनीच्या दोन-तीन इंच खाली कापून घ्या, त्यासाठी भोवतीची माती थोडी बाजूला करा. मग ड्रिलच्या जाड बिटाने इंचभर रुंद आणि आठ-दहा इंच खोल भोकं पाडा, जवळजवळ. त्यात युरिया आणि शेणाचं पाणी भरा, वरून माती, पालापाचोळा, ओलं गोणपाट. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि नत्र लागतं, एवढंच त्यामागचं कारण, यात जादू नाही. सुकू दिलं की काम थांबतं म्हणून उन्हाळ्यात अधूनमधून पाणी. गुलमोहर असल्यामुळे दोन-तीन पावसाळ्यांत पहार सहज आत जायला लागेल, आंबा किंवा बाभूळ असती तर मी याच्या दुप्पट तरी सांगितलं असतं. त्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतील, त्या खायच्या नाहीत एवढं मुलांना सांगा.

भिंतीवर मात्र लक्ष ठेवा. मुळं कुजली की त्यांच्या जागी पोकळ्या होतात, दर पावसाळ्यानंतर भिंतीलगत खड्डा पडलाय का बघा आणि पडला तर मुरूम ठासून भरा. भिंतीला आधीच तडा असेल तर त्याच्या दोन टोकांना पेन्सिलने खूण आणि तारीख लिहून ठेवा, वाढतोय का ते कळेल.

एक अपवाद आहे. बुंध्याच्या बुडाला लाकडासारखी कडक, तपकिरी चकचकीत, पांढऱ्या कडेची भूछत्रं चिकटलेली दिसली तर ती गॅनोडर्मा असू शकते. ती बुरशी मुळांमधून शेजारच्या जिवंत झाडात जाते, गुलमोहर आणि नारळ दोन्हीला ती आवडते. तसं असेल तर कुजवत ठेवू नका, भिंतीला जपून जेवढं लाकूड आणि मुळं हाताने निघतील तेवढी काढा आणि त्या जागी परत गुलमोहर किंवा नारळ लावू नका. वाळवीचं म्हणाल तर मेलेल्या बुंध्याला ती लागणारच, तिचं ते कामच आहे. घराच्या सागवानी चौकटी जवळ असतील तर घराच्या बाजूने वाळवीची ट्रीटमेंट करून घ्या, बुंध्यावर औषध ओतून तो टिकवण्यात काय अर्थ आहे?

काकांच्या अॅसिडला हात जोडून नाही म्हणा. अॅसिड लाकूड कुजवत नाही, वरचा थर काळा करतं, माती खराब करतं आणि ओतणाऱ्याच्या डोळ्यात उडतं. डिझेल, रॉकेल, पोतंभर मीठ, सगळं त्याच जातीचं, आणि मीठ तर काळ्या मातीतून लवकर निघतही नाही. हिंग भरलं की झाड मरतं असंही कोणीतरी सांगेलच, हिंग आमटीत टाका. तणनाशक ताज्या कापावर, कडेच्या सालीलगतच्या रिंगणावर लावलं तर सुबाभळीवर चालतं हे खरं आहे, पण केंद्राने २०२२ मध्ये ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचा आदेश काढला होता, त्यामुळे लावायचंच तर त्यांच्याकडून, आणि तुम्ही बुंधा काढणारच आहात तर त्याची गरजच नाही.

जाळण्याबद्दल बाबांना एवढंच सांगा की ओला बुंधा जळत नाही, धुमसतो, आठवडाभर सगळ्या गल्लीत धूर. मुळं आतल्या आत धुमसत लांबवर जातात आणि वर काहीच दिसत नाही, गॅसची लाईन, केबल असलेल्या अंगणात हे नकोच. उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये पाच हजारांचा दंड सांगितलेला आहे, आणि शेजारी फोटो काढून तक्रार करायला आता एक मिनिटही लावत नाहीत.

परवानगीचं पत्र जपून ठेवा, बुंधा निघाला तरी. १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्यात झाड जाळणं किंवा कुठल्याही प्रकारे इजा करणं हेही तोडण्यातच धरलेलं आहे, त्यामुळे उद्या कोणी विचारलं तर दाखवायला कागद हवा. बुंध्याचे आणि खड्ड्याचे तारखेसकट फोटोही त्याच फायलीत लावा. त्या पत्रात बदली झाडं किती लावायची तेही लिहिलेलं असेल, ते बघितलंय का? लावायची असतील तर सुबाभळीच्या खड्ड्यात नको आणि गुलमोहराच्या कुजत्या बुंध्यालगतही नको, भिंतीपासून आठ-दहा फूट तरी सोडा. बकुळ किंवा पारिजातक घ्या, अंगणाच्या मानाने ती पुरेशी आहेत. आणि तडा असला तर भिंतीचा फोटो टाका, त्याप्रमाणे गुलमोहराचं परत सांगतो.